आठ थेंब, मग पुन्हा आठ

बाटली अगदी सरळ उपडी धरायची,
तिरपी धरली की थेंब लहान पडतो.
पहिल्या बाटलीचे आठ,
दुसरीचे आठ,
बूच लावून नळी हलवायची, पाच मिनिटं थांबायचं.
इथवर मी कुणाहून कमी नाही.

पुढचं काम शर्वीचं.
वरच्या मजल्यावरच्या मेश्रामांची, सातवीतली.
दर रविवारी चपला दाराशी भिरकावून येते,
नळी थेट खिडकीत नेते
– ट्यूबलाइटखाली रंग खोटं बोलतो, हे तिनेच शोधलं –
पांढऱ्या कार्डाला टेकवते
आणि सांगते, पिवळा.
कधी म्हणते, पिवळाच आहे काका,
पण थोडा विचार करून राहिला.

मला पिवळा आणि हिरवा
एका आईची जुळी लेकरं दिसतात.
अजनीच्या शेडमध्ये इंजिनावर चढायचं होतं मला.
डॉक्टरने ठिपक्यांचं पुस्तक उघडलं,
यात आकडा आहे, म्हणाला.
मी ठिपके मोजायला लागलो.
मग एकतीस वर्षं पार्सल ऑफिसात
संत्र्यांच्या पेट्यांवर वजनं लिहिली.
संत्रं पिकलं की नाही
ते अंगठ्याने सांगायचो, नाकाने सांगायचो.
अमोनियाला साल नसते.

इथून कुठल्याही बाजूला निघा, समुद्र लांबच.
झिरो माइलच्या खांबावर त्याचं नाव नाही.
माझा समुद्र मनीषनगरात, दुसऱ्या मजल्यावर,
दोनशे लिटर,
पुड्यातून आलेला, बादलीत ढवळलेला,
त्यात दोन मासे, शर्वीच्या म्हणण्याप्रमाणे नारिंगी.

मे महिन्यात पाणी रोज बोटभर उतरतं.
आधी मी वरून मिठाचंच पाणी ओतायचो.
मग कळलं, उडतं ते नुसतं पाणी.
मीठ कुठं जात नाही.
ते ठिपक्यांचं पुस्तकही.

शर्वी सुट्टीत मामाकडे गेली, उमरेडला,
आणि त्याच रात्री दोनला लाइट गेली.
कूलर थांबला, पंप थांबला,
सेहेचाळीस अंशांचा दिवस भिंतींतून
हळूहळू परत बाहेर येत राहिला.
सकाळी नळी घेतली. आठ. आठ. पाच मिनिटं.
गॅलरीत उजेडाला धरून कार्ड लावलं.
एक चौकोन. शेजारी तसाच चौकोन. शेजारी तसाच.
वॉचमन भलावीला वर बोलावलं.
तो नळीकडे कमी, माझ्याकडे जास्त बघत म्हणाला,
तुम्हाला कोणता पाहिजे जी?

शेवटी उमरेडला फोन लावला.
पलीकडे कुणीतरी आंबे धूत होतं, बादली वाजत होती.
फोटो पाठवू का, म्हटलं.
फोटोत समजत नाही काका.
मासा काय करून राहिला?
वर येऊन तोंड उघडून राहिला.
मग पाणी बदला ना! रंग कायले पायता?

मीठ आदल्या दिवशी घोळवून ठेवायचं असतं.
थांबलो नाही. तीन बादल्या ढवळल्या,
कोपरापर्यंत हात पांढरे झाले,
वाळल्यावर कातडी ओढल्यासारखी लागली.
एक मासा संध्याकाळी खाली उतरला.
दुसरा दगडामागून निघाला नाही,
मी टॉर्चने बघितलंही नाही.

नळी अजून खिडकीत उभी आहे.
तासाभरात रंग फिरतो, पुस्तिकेत लिहिलंय,
ती येईपर्यंत त्याचं काहीही झालेलं असेल.
तरी धुतली नाही.
आली की विचारणार आहे,
त्या दिवशीचा नको सांगू,
हा, आता आहे तो,
कोणता?